मोर्चाचे फोटो काढतोस, मागणीचेही काढ

पत्र: नाशिकला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. मोर्चे, उपोषणं यांचे फोटो काढतो. चाळीस सोबत पाठवलेत. प्रेस फोटोग्राफर व्हावं की कलाकार? घरचे म्हणतात, दोन्हीत पोट भरणार नाही.

उत्तर: तुझे चाळीसही फोटो पाहिले. चेहरे आहेत, झेंडे आहेत. लोक रस्त्यावर का उतरले, हे मात्र एकातही कळत नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठव. सोलवटलेल्या तळपायांचे फोटो देशभर गेले, लोक हळहळले. पण 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे जमिनीच्या हक्काचे रखडलेले दावे त्या तळपायांत दिसत नव्हते. बातमीचा फोटो जिथे थांबतो, तिथून तुला पुढे जाता येईल. एक गाव, एक दावा धर आणि वर्षभर त्याच्यामागे राहा: घडी पडून फाटलेला अर्ज, ग्रामसभा, जमिनीची मोजणी, तहसील कचेरीतला बाक.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅलन सेक्युला यांनी 1999 मध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेविरोधी निदर्शनांत स्वतःला नियम घालून घेतले होते. फ्लॅश नाही, लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स नाही, ऑटोफोकस नाही, प्रेस पास नाही, सगळं सांगणाऱ्या एकाच फोटोचा हव्यासही नाही. म्हणून त्यांच्या मालिकेत झटापटीइतकंच ताटकळणंही आलं. तूही सहा महिने 35 एमएमची एकच लेन्स वापर. लांबून टिपलेली गर्दी कुठलीही वाटते.

कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल (रॉ) आणि नेहमीची जेपेग दोन्ही ठेव, त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी कर आणि कॅप्शन त्याच दिवशी लिही: कोण, कुठे, केव्हा, काय चाललंय. आठवड्यानंतर नावं हमखास चुकतात. मालिका 12 ते 15 फोटोंची पुरते.

मधे आलेली विजेची तार पुसण्याचा मोह होईल. पुसू नकोस. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा पुसला म्हणून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2014 मध्ये पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळालेल्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. प्रदर्शनासाठी मांडणी करून फोटो काढायला हरकत नाही, पण तसं तिथे लिही आणि तो फोटो बातमीला कधीच देऊ नकोस. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची ओळख उघड करणं पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. चेहरा झाकला तरी घर, शाळा, गणवेश यांवरून ओळख पटते.

शिक्षणासाठी दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठाचा एक वर्षाचा स्टिल फोटोग्राफीचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा (एनआयडी) फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम पाहा. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपास.

घरच्यांची काळजी रास्त आहे. वर्तमानपत्रांतल्या कायम नोकऱ्या मोजक्या, आणि अशा मालिकेवर सुरुवातीची काही वर्षं घर चालत नाही. लग्नं, संस्थांची कामं यांवर खर्च भागव, त्यात कमीपणा नाही. सुधारक ओलवे यांच्यासारख्या वृत्तपत्र छायाचित्रकाराने मुंबईच्या सफाई कामगारांवर दीर्घ काम केलं, म्हणजे दोन्ही वाटा एका माणसाला चालता येतात. पक्षाचं पैसे घेऊन केलेलं काम मात्र या मालिकेत मिसळू नकोस. एकदा विश्वास गेला की संपादक पुन्हा फोन करत नाही. आणि काम घेताना कॉपीराइट तुझ्याकडे राहील, हे आधी लेखी घे. तसा करार नसेल, तर कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क कायद्याने सहसा काम देणाऱ्याकडे जातो.