वाचकांचे प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीला मडफ्लॅप बसवताना

प्रश्न: माझी नेक्सॉन ईव्ही रोज लाल चिखलातून जाते. दाराखालचा पत्रा आणि मागचा बंपर दोन दिवसांत माखतात. मडफ्लॅप घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाले, प्रत्येक चाकाजवळ दोन भोकं पाडावी लागतील. बॅटरीच्या गाडीला ड्रिल लावणं धोक्याचं नाही का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: भोकं पाडू देऊ नका. तशी गरजही नाही.

बॅटरी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात, गाडीच्या तळाशी असते. चाकाच्या कमानीच्या कडेला मारलेलं ड्रिल तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. नुकसान होतं ते वेगळंच. रंगाबरोबर पत्र्यावरचा गंजरोधक थरही फाटतो, ड्रिलचा कीस पत्र्याच्या पोकळीत पडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. मग गंजाच्या वॉरंटीचा दावा करायला गेलात की कंपनी त्या भोकांकडे बोट दाखवते. शिवाय नेक्सॉनचा चार्जिंग पोर्ट मागच्या चाकाच्या वर, पेट्रोल गाडीत टाकीचं झाकण असतं त्या जागी आहे. त्याची जाड केबल त्याच बाजूने खाली उतरते. उच्च विद्युतदाबाच्या केबलवर नारिंगी आवरण असतं खरं, पण लायनरच्या, म्हणजे कमानीच्या आतल्या अस्तराच्या, आड ते दिसणार कसं? पंच ईव्ही किंवा झेडएस ईव्हीचा पोर्ट पुढे नाकाशी आहे, तरी मागे सेन्सरच्या वायरी असतातच.

मॉडेलसाठीच साच्यात घडवलेला सेट घ्या. असा फ्लॅप कंपनीच्या स्क्रूंच्याच जागी बसतो. गाडी कोणत्या सालची ते दुकानात आवर्जून सांगा. सप्टेंबर 2023 मध्ये नेक्सॉन ईव्हीचं रूप बदललं, मागचा बंपरही बदलला. त्यामुळे मागच्या फ्लॅपची जोडी अदलाबदल करून चालत नाही.

काम घरच्या घरी दीड तासात होतं. गाडी सपाट जागी उभी करा, ‘पी’ (पार्किंग) असेल तर तो आणि हँडब्रेक लावा, गाडी बंद करून किल्ली घरात ठेवा. ईव्ही चालू असली तरी आवाज करत नाही, म्हणून हे सांगणं. कमानीची कड शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा. पुढच्या चाकांसाठी दर वेळी गाडी बंद करण्याआधीच स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं की स्क्रूपर्यंत हात पोचतो, चाक काढावं लागत नाही. डाव्या फ्लॅपसाठी डावीकडे, उजव्यासाठी उजवीकडे. मागे जागा अपुरी पडली तर चाक काढा, पण जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. बॅटरीच्या पेटीखाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा कधीही नको.

आता लायनरचे स्क्रू काढा. कुठे फिलिप्सचं (अधिकच्या खुणेसारखं) डोकं असतं, कुठे टॉर्क्सचं (सहा टोकांच्या चांदणीसारखं), तर कुठे पुश क्लिप. क्लिप ओढून काढू नका. आधी मधली पिन वर उचला, मगच क्लिप सुटते. तरी एखाददुसरी मोडतेच, म्हणून सहा क्लिप जास्तीच्या जवळ ठेवा. फ्लॅप नुसता धरून पाहा आणि पत्र्याला जिथे टेकतो तिथे मास्किंग टेपने खूण करा. त्या खुणेच्या आत पीपीएफची, म्हणजे रंग जपणाऱ्या पारदर्शक फिल्मची, दोन बोटं रुंद पट्टी चिकटवा. फ्लॅपमागे अडकलेली वाळू पॉलिशपेपरसारखी रंग घासत राहते. ही पट्टी नसेल तर फ्लॅप न बसवलेला बरा, इतकी ती महत्त्वाची आहे.

फ्लॅपची जाडी साधारण 3 ते 4 मिलिमीटर असते, म्हणून जुना स्क्रू तोकडा पडतो. जुन्यापेक्षा तेवढाच जास्त लांब, स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्या. फार लांब घेतलात तर त्याचं टोक आत काय टोचेल ते कळणार नाही. सगळे स्क्रू आधी हाताने अर्धवट लावा, फ्लॅप सरळ करा आणि मग आवळा. पॉवर ड्रायव्हर नको, त्याने प्लास्टिकचे आटे जातात आणि फ्लॅप वाकून कडेला फट पडते. स्क्रूचं डोकं नीट टेकल्यावर पाव फेरा पुरे. मागचं लायनर जाड नमद्यासारख्या कापडाचं असेल तर स्क्रूखाली रुंद वॉशर घाला, नाहीतर स्क्रू कापडातून आरपार निघतो.

प्रश्न: फ्लॅप बसवल्यापासून वळताना खरखर ऐकू येते, आणि चार माणसं बसली की मागे गतिरोधकावर घासतं. स्क्रू घट्ट आहेत.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वळतानाची खरखर म्हणजे टायर फ्लॅपच्या आतल्या कडेला लागतोय. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. टायर आणि फ्लॅप यांत दोन बोटं तरी बसली पाहिजेत. बसत नसतील तर आधी डावा-उजवा उलटा लागला नाही ना ते तपासा (मागच्या बाजूला डाव्यासाठी एलएच, उजव्यासाठी आरएच कोरलेलं असतं). कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर घातले असतील, तर दोष फ्लॅपचा नाही.

गतिरोधकाचं गणित सोपं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर धरली आहे, आणि गावोगावचे त्याहून उंच असतात. गाडी भरल्यावर फ्लॅपची खालची कड जमिनीपासून 12 सेंटिमीटरच्या खाली यायला नको. चार माणसं बसवूनच मोजा, रिकाम्या गाडीचं माप उपयोगाचं नाही. जास्त लांबी धारदार कटरने कापता येते. मात्र कोपरा गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून चीर पडते. एबीएस प्लास्टिकचा कडक फ्लॅप दगडाला अडला की तुटतो, कधी लायनरचा कानही सोबत नेतो. आपल्या रस्त्यांना वाकणारा, रबरासारखा फ्लॅप चांगला.

प्रश्न: मडफ्लॅपने रेंज किती कमी होते?
– एक वाचक, पुणे

उत्तर: शहरात फरक हाती लागणार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: 50 च्या वेगाला जितका असतो, त्याच्या चौपट 100 ला. त्यामुळे जो काही फरक पडेल तो एक्सप्रेसवेवर. तिथेही वेग 100 वरून 90 वर आणलात तर हवेचा विरोध जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटतो. छोट्या फ्लॅपचा परिणाम याच्यापुढे किरकोळ. टायरच्या रुंदीबाहेर डोकावणारे मोठे फ्लॅप मात्र टाळा, वारा त्यांनाच अडतो. चाकांच्या पुढे कंपनीने बसवलेल्या छोट्या पट्ट्या वारा वळवण्यासाठी असतात, त्या मडफ्लॅप समजून काढू नका.

प्रश्न: दोन वर्षांनी फ्लॅप काढला तर मागे रंग गेलेला आणि गंज. बसवणाऱ्याने कडेला सिलिकॉन भरलं होतं. चूक कुठे झाली?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: सिलिकॉनमुळेच. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला खातं. त्यात किनाऱ्याची खारी हवा. दुसरं म्हणजे सगळी कड बंद केल्यावर आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. दाराखालच्या पत्र्याला पाणी निचरण्यासाठी बारीक भोकं असतात, तीही बुजली असतील तर पत्रा आतून कुजतो. ती आजच सुतळीच्या टोकाने मोकळी करा. गंज बारीक पॉलिशपेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, गंजरोधक प्रायमर, मग टच-अप रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावर, साधारण महिन्याने, फिल्म लावा. फ्लॅप परत बसवताना कड मोकळीच ठेवा. दर पावसाळ्यानंतर एकदा स्क्रू सैल करून मागची माती धुऊन काढा. कोकणात आणि गोव्यात हे पावसाळ्याच्या मध्यातही एकदा करावं.

प्रश्न: चिखल काढायला सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पाइप फ्लॅपमागे मारला तर चालेल? बॅटरी आयपी67 आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर: आयपी67 म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी नुकसान करेल इतकं पाणी शिरत नाही. जवळून मारलेल्या जोरदार फवाऱ्याची चाचणी निराळी असते. साध्या नळीने चिखल भिजवा, दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने कड साफ करा. प्रेशर पाइप मारायचाच असेल तर हातभर लांबून, चाकाच्या कमानीत. नारिंगी केबल आणि त्यांच्या जोडांवर मात्र अजिबात नाही.