साडेसहा लाखांची ‘हुबेहूब’ एमजी घ्यावी का?

प्रश्न: सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मारुतीच्या जिप्सी किंग या जीपवजा गाडीच्या चासीवर फायबरची बॉडी चढवून केलेली ‘1952 ची एमजी टीडी’, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची नक्कल, साडेसहा लाखांना मिळते आहे. विकणारा म्हणतो, अगदी हुबेहूब आहे. 4 लाखांची ठेव मोडून बाकीचं वैयक्तिक कर्ज काढायचा विचार आहे. वरातीला भाड्याने देईन, पुढे व्हिंटेज म्हणून भावही चढेल. घेऊ का?

उत्तर: या हिशेबाने घेऊ नका. हौस म्हणून घ्यायची असेल, तर आधी टेप घेऊन गाडीपाशी जा.

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. मूळ टीडीत हे अंतर 94 इंच, म्हणजे 2,388 मिमी, जिप्सीत 2,375. हा फरक डोळ्याला कळत नाही, त्यामुळे बाजूने काढलेला फोटो फसवा असतो. गाडी समोरून बघा. टीडीच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे 1,200 मिमी होतं, जिप्सी किंगचं 1,300. हे 4 इंच झाकायला मडगार्ड रुंद करावे लागतात आणि निमुळतं नाक बसकं दिसू लागतं. मूळ टायर साडेपाच इंच रुंद होता. इथे 205 चे, म्हणजे 8 इंचांचे टायर असतील, तर ते मडगार्डबाहेर डोकावतात. तारांची चाकं पाहून भुलू नका. टीडी कारखान्यातून पत्र्याच्या डिस्क चाकांवर यायची. दार मागच्या बाजूला बिजागरी असलेलं हवं. टायर आणि मडगार्डमध्ये मूठ सहज जात असेल, तर बॉडी जीपच्या उंचीवरच बसवली आहे. ती खाली आणण्यासाठी स्प्रिंगच्या पाट्यांमधली पानं काढली असतील, तर प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून ठोका बसेल. बिजागरीभोवती फायबरला केसासारख्या चिरा आहेत का, तेही बघा.

आणि इंजिन तापवून बघा. अरुंद जाळीमागे रेडिएटर कोंबलेला असतो. वरात म्हणजे दोन तास पहिल्या गिअरमध्ये, तीही सोलापूरच्या मे महिन्यात. नवरदेव बसलेला असताना बोनेटमधून वाफ निघाली, तर भाडं सोडाच, ॲडव्हान्सही परत द्यावा लागेल.

आता पैशाकडे येऊ. अडीच लाख रुपये 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण 8,540 रुपये आणि एकूण व्याज 57,000 च्या वर. लग्नतिथी मात्र वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच येतात. त्यात पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, त्यासाठी परमिट लागतं. विनापरमिट वरातीत अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

भाव चढण्याची आशा सोडा. 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी. तीसुद्धा धंद्याला वापरता येत नाही. तुमची गाडी कागदावर जिप्सीच राहणार.

म्हणून आरसी बुक सगळ्यात आधी मागा. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. जिप्सी 2012 ची असेल, तर 15 वर्षं 2027 मध्ये भरतात. नूतनीकरणाला आरटीओत गाडी नेली, की आरसीवर जिप्सी आणि समोर एमजी. तिथे गाडी अडकली, तर साडेसहा लाखांचं शोपीस दारात उभं राहील. सोलापूरच्या आरटीओत (एमएच-13) इंजिन आणि चासी क्रमांक दाखवून, हा बदल आरसीवर चढलेला आहे का याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत टोकनही देऊ नका.

ठेव मोडू नका. सूत महागलं किंवा एखाद्या व्यापाऱ्याचं पेमेंट दोन महिने अडकलं, तर कामगारांचा पगार त्यातूनच निघणार आहे. कारखान्याचा आणि घराचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून जे उरेल तेवढ्यातच, कर्ज न काढता बसत असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर हौस जरूर करा. मात्र वरातीचं उत्पन्न हिशेबात शून्य धरा.