शस्त्रक्रियेनंतर मांजर जेवत नसेल तर

भुलीचा अंमल उतरेपर्यंत, म्हणजे साधारण पहिला दिवसभर, मांजराने अन्नाकडे पाठ फिरवली तर घाबरू नका. मात्र 24 तास उलटूनही त्याने तोंडाला काही लावले नाही, तर डॉक्टरांना फोन करण्यास संकोच करू नये, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले की त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते दुखणे जिवावर बेतू शकते.

मांजर आधी नाकाने जेवते, म्हणून मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे कोमट करून चमचाभरच पुढे ठेवावेत. आमच्या मनीने नसबंदीनंतर बशी हुंगलीही नव्हती. बोटाला लावलेले कोमट पाणी, त्याच कोंबडीचे, नाकापाशी नेले तेव्हा कुठे तिने जीभ बाहेर काढली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर भांड्याच्या काठाला अडकते म्हणूनही कित्येक मांजरे उपाशी राहतात (हे माझ्या फार उशिरा लक्षात आले). अशा वेळी उथळ बशी घ्यावी. घास कोंबू नये. वेदनेनेही भूक मरते, परंतु घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. मांजरासाठी ती विषच आहे.