गायरानाचा नियम बदलला कोणी?

प्रश्न : आमच्या गावात (जि. बीड) काहींची कसत असलेली गायराने (गावाच्या चराईच्या सामाईक जमिनी) नावावर झाली, आमचे मात्र राहिले. असे का?

उत्तर : १९९१ च्या शासन निर्णयाने, भूमिहीनांच्या दीर्घ लढ्यानंतर, १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची, म्हणजे जमीन नावावर होण्याची, वाट उघडली; पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी अतिक्रमणातून मोकळ्या करण्यास सांगितले आणि राज्याने १२ जुलैला तसाच निर्णय काढला; त्यामुळे तोवर नावावर न झालेली प्रकरणे अडली. त्या निकालातही शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसाठी (भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींसाठी) अपवाद आहे, हे तहसीलमध्ये सहसा कोणी सांगत नाही! आपण गाव नमुना एक-ई (गावातील अतिक्रमणांची सरकारी नोंदवही) मधील आपल्या अतिक्रमणाची जुनी नोंद आणि दंडाच्या पावत्या आधी मिळवाव्यात.