छोट्या टाकीत भांडखोर मासे आणि कोळंबी : प्रश्नोत्तरे

प्रश्न : ३० लिटरच्या टाकीत एक नर फायटर (बेटा मासा) आणि दहा चेरी श्रिंप (छोट्या लाल कोळंबी) एकत्र राहतील का?

राहतील, पण कोळंबी आधी आणि फायटर नंतर. टाकी फिल्टर लावून चालू करा आणि पाण्यातली अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्ये शून्यावर येईपर्यंत थांबा. नव्या टाकीला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. मग दहाऐवजी पंधरा-वीस चेरी श्रिंप सोडा. पिशवीतून थेट ओतू नका. हवेच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतले पाणी सेकंदाला दोनेक थेंब असे पिशवीतल्या पाण्यात पडू द्या. तास-दीड तासात ते तिप्पट झाले, की जाळीने कोळंबी उचलून टाकीत सोडा.

दोन-तीन महिन्यांत त्यांची एक पिढी वाढते. तोवर जावा मॉस या पाणशेवाळाचे दाट पुंजके तयार हवेत, कारण नवजात कोळंबी जेमतेम २ मिलिमीटरची असते आणि फायटरच्या दृष्टीने ती निव्वळ खाऊ. मॉसमध्ये लपतील तेवढीच पिल्ले वाचतील, हे धरूनच चाला. मोठ्या कोळंबीलाही कात टाकल्यावर दिवसभर धोका असतो; अंग मऊ असते.

तापमान २५ अंशांवर ठेवा, ते दोघांनाही मानवते. फिल्टर स्पंजचाच घ्या, दुसरा असेल तर त्याच्या तोंडावर स्पंज बसवा. एवढे करूनही काही फायटर पहिल्याच दिवसापासून हात धुऊन कोळंबीच्या मागे लागतात. तो त्या माशाचा स्वभाव असतो आणि तो सवयीने जात नाही. अशा फायटरला वेगळी टाकी द्या.

प्रश्न : ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत एपिस्टोग्रामा या छोट्या सिक्लिड माशांची जोडी आहे. मादी अचानक पिवळीधमक झाली आणि तिने नराला वरच्या कोपऱ्यात कोंडले आहे. त्याची शेपटी फाटली. काय करावे?

आधी नराला बाहेर काढा, निदान मध्ये जाळीचा पडदा तरी टाका. मादीने एखाद्या गुहेच्या छताला अंडी चिकटवली असणार. अंडी साधारण ३ दिवसांत फुटतात, पुढच्या आठवड्याभरात पिल्ले पोहू लागतात आणि त्यानंतरही ती काही आठवडे त्यांची राखण करते. नैसर्गिक पाण्यात नर दूर निघून जातो. तुमच्या ५४ लिटरमध्ये त्याला जायला जागाच नाही.

मुळात अशा माशांसाठी लिटर मोजू नयेत, तळ मोजावा. त्यांची हद्द तळावर आखलेली असते, त्यामुळे उंच टाकीतले वरचे पाणी या भांडणात कामाला येत नाही. खरा उपाय नजर तोडण्याचा. डोळे तळाच्या पातळीला आणून एका गुहेच्या तोंडाशी बघा. तिथून टाकीचे दुसरे टोक दिसत असेल, तर मांडणी चुकली आहे. मधोमध लाकूड आणि दगड यांची आडवी भिंत करा. ती तळापासून निदान अर्ध्या उंचीपर्यंत जायला हवी आणि फटी झाडांनी बुजवायला हव्यात. दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकवा, नाहीतर मासे खालची वाळू उकरतात आणि दगड कलंडतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन गुहा द्या; तोंडे एकमेकींकडे नकोत आणि मादी शिरेल एवढीच रुंद असावीत.

पिल्ले मोठी झाली आणि मादीचा पिवळा रंग उतरला, की मांडणी बदलूनच नराला परत सोडा, तेही दिवा मालवून. जुनी मांडणी तशीच राहिली तर मादीच्या लेखी सगळी टाकी तिचीच असते. या जोडीबरोबर चेरी श्रिंप टिकणार नाहीत. पूर्ण वाढलेल्या ४-५ सेंटिमीटरच्या अमानो श्रिंप (मोठ्या जातीच्या कोळंबी) चालू शकतात.

प्रश्न : पाणी बदलले की दोन-तीन दिवसांत एखादी कोळंबी मरते. डोक्यामागे पांढरे कडे दिसते. मासे मात्र ठणठणीत आहेत.

कात अडकते आहे. कोळंबी अंगात पाणी घेऊन फुगते, डोक्यामागे कवच फाटते आणि त्या फटीतून ती बाहेर येते. एकदम बरेच पाणी बदलले, की विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण झटक्यात बदलते आणि कात अवेळी सुटू लागते. कवच पुरते फाटत नाही आणि ती आतच अडकते. माशांना तेवढा बदल सोसतो.

आठवड्याला १० टक्केच पाणी बदला, त्याच तापमानाचे, आणि नळीने हळूहळू सोडा. चेरी श्रिंपसाठी जीएच (पाण्याचा कठीणपणा) ६ ते ८ अंश आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) १५० ते २५० पीपीएम ठीक. आरओचे पाणी वापरत असाल तर त्यात क्षार आधी मिसळा, टाकीत नंतर घाला. बाष्पीभवनाने घटलेली पातळी मात्र कोऱ्या आरओ पाण्यानेच भरा, कारण क्षार उडून जात नाहीत, मागे साचत राहतात. टाकलेली कात उचलू नका, कोळंबी ती खातात.

नळाच्या पाण्याबद्दल एक खबरदारी : पाणी उघडे ठेवले की क्लोरीन उडते, पण काही ठिकाणी जंतुनाशक म्हणून घातलेले क्लोरामाइन टिकून राहते. त्याला वॉटर कंडिशनर, म्हणजे ते निष्प्रभ करणारे द्रावणच लागते. शिवाय माशांच्या बऱ्याच औषधांत तांबे असते आणि ते कोळंबीचा जीव घेते. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात औषध द्या.

प्रश्न : पी पफर या छोट्या फुगणाऱ्या माशाबरोबर कोळंबी?

नको. त्याचे दात चोचीसारखे असतात आणि तो मोठ्या कोळंबीचेही लचके तोडतो.

प्रश्न : माझे स्कार्लेट बॅडिस (इवलेसे लाल मासे) दाणे, म्हणजे कोरडे खाद्य, खात नाहीत. दोन फिके आणि एक लाल आहे. लाल मासा बाकीच्यांना सतत हुसकावतो.

बहुतेक स्कार्लेट बॅडिस दाण्यांना तोंडच लावत नाहीत, त्यांना हलणारे भक्ष्य लागते. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवाची) अंडी घरीच उबवा : लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, तापमान २६ ते २८ अंश, जोरात हवा. २४ ते ३६ तासांत पिल्ले निघतात. ती गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्या. जोडीला मायक्रोवर्म (बारीक कृमी) आणि डॅफ्निया (पाणपिसवा) असू द्या.

फिके दोघे माद्याच आहेत असे धरू नका. दबलेला नरही फिका पडतो. अंगावर पुसट लाल पट्टे दिसले तर तो नरच. तळ ४५ × ३० सेंटिमीटरचा असेल तर एकच नर ठेवा आणि दबलेल्याला आजच वेगळा करा, कारण लाल नर त्याला खाण्यापर्यंत पोहोचूच देत नाही.