मनोरुग्ण, मनोविकृत की नुसतं सायको?

प्रश्न असा आलाय की नागपुरात घडणारी एक सायकॉलॉजिकल क्राइम थ्रिलर लिहिणं चालू आहे, त्यातला खुनी महिनोन् महिने प्लॅनिंग करून माणसं मारतो, तर त्याला 'मनोरुग्ण खुनी' म्हटलं तर चालेल का.

नाही भाऊ, मनोरुग्ण नका म्हणू. मनोरुग्ण म्हणजे आजारी माणूस, डिप्रेशनवाला पण त्यातच आला आणि ज्याच्या कानात आवाज येतात, शेजारी आपल्या जेवणात विष कालवतोय असं ज्याला पक्कं वाटतं तो पण, या दुसऱ्या प्रकाराला सायकोसिस म्हणतात. तुमचा खुनी सायकोपाथ दिसतोय, आणि सगळा घोळ इथंच होतो कारण बोलताना दोघांचंही 'सायको' होऊन जातं. सायकोपाथला भास वगैरे काही होत नाहीत, तो पूर्ण भानावर असतो, गोड बोलतो, खोटं सहज बोलतो, फक्त समोरच्याच्या दुःखाचं त्याला काहीच वाटत नाही. क्लेक्ली या अमेरिकन डॉक्टरनं १९४१ मध्ये हे नीट मांडलं, पुढे रॉबर्ट हेअर या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाची सायकोपाथ ओळखायची २० मुद्द्यांची चेकलिस्ट आली. अशा माणसाला मराठीत मनोविकृत किंवा सरळ विकृत म्हणा, माझ्या मते तेच बसतं.

आणि हा फरक तुमच्या कोर्टाच्या सीनमध्ये फार कामाचा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ८४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालं, ते म्हणतं की मानसिक आजारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हतं त्याचा तो गुन्हा नाही. मग कोर्ट बघतं की खुनाच्या आधी नि नंतर तो कसा वागला, चाकू लपवला का, रक्ताचे कपडे धुतले का, पळाला का. तुमच्या खुन्यानं हे सगळं केलं असेल तर 'मनोरुग्ण' शब्द त्याच्या वकिलाच्या तोंडी मस्त शोभेल, लेखकाच्या तोंडी नाही.

संवादात मात्र मोकळं सोडा. आपल्या नागपुरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौकच म्हणतात, त्यामुळं ऑटोवाला 'पागल होता बे तो' म्हणेल, पोलिसवाला 'सायको' म्हणेल. डॉक्टर यातलं काही म्हणणार नाही, तो वॉर्डात 'पेशंट' म्हणेल आणि साक्षीला उभा राहिला की 'आरोपी'.