ध्यानवहीचे वीस गुण

प्रश्न: मुलगा सातवीत आहे. यंदापासून शाळेत परिपाठानंतर पंधरा मिनिटं ध्यान, घरी आणखी दहा मिनिटं, ध्यानवहीवर पालकांची सही आणि या सगळ्याला वीस गुण. तो रविवारी रात्री आठवड्याचे रकाने एका बैठकीत भरतो. 'मन शांत झाले', 'प्रसन्न वाटले', पुन्हा 'मन शांत झाले'. मी सही करते आणि स्वतःवरच चिडते. शाळेत बोलायला जावं तर चांगल्या गोष्टीत खोडा घालते म्हणतील. काय करू?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर: ताई, अशा सह्या करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. मी मालवणकडच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. सुट्टीतलं शुद्धलेखन शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री लिहिलंय, हे आम्हाला शाईवरूनच कळायचं. पण शुद्धलेखन एका रात्रीत केलं तरी हात चाललेला असतो. न बसता लिहिलेलं 'प्रसन्न वाटले' ही निव्वळ थाप, आणि तुमच्याकडे तिला गुण आहेत.

मुलांना गप्प बसवायला माझी ना नाही. आपल्या राज्याच्या 'मित्र उपक्रमा'त आनापान शिकवतात, म्हणजे आपसूक चालणारा श्वास काही मिनिटं नुसता पाहायचा. त्यात वाईट काही नाही. अडतं ते गुणांपाशी. गुण देणाऱ्या बाईला दिसतं काय? ताठ पाठ, मिटलेले डोळे, मांडीवरचे हात.

मीही तेवढंच पाहिलं होतं. एका वर्षी आमच्याकडे 'शांत बसणे' असा दहा गुणांचा रकाना निघाला. खिडकीपाशी बसणारा एक मुलगा, मासेमारी करणाऱ्या रापणकाराचा, डोळे टक्क उघडे ठेवून समुद्राच्या बाजूला मान करून बसायचा. मी त्याला चार दिले. मग विचारलं, "काय बघत होतास रे?"

"बघूक नाय बाई, आयकत होतंय. गाज मोठी येता आज."

त्याच्या पुढच्या बाकावरच्या मुलीला मी दहापैकी दहा दिले होते. ती त्या वेळी आपलं पेन कुणी ढापलं याचा मनात तपास लावत होती. हे तिनेच मला कॉलेजात गेल्यावर हसत हसत सांगितलं. चाराचा आकडा मात्र मी बदलला नाही. यादी मुख्याध्यापकांकडे गेली होती, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली.

दिल्ली सरकारने 2018 साली शाळांत 'हॅपिनेस' अभ्यासक्रम आणला. त्यातही रोज थोडा वेळ ध्यान होतं, पण परीक्षा ठेवली नाही. ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. शिक्षकांनी वर्गात सजगतेचे, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचे, धडे दिले, तरी एरवीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात वेगळा फरक पडला नाही. घरचा सराव बहुतेक मुलांनी केलाच नव्हता. म्हणजे तुमचा लेक काही जगावेगळा नाही.

आणखी एक. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर डोळे मिटल्यावर काही मुलांना नको तेच दिसतं. अशा पोराला 'डोळे मीट, नाहीतर गुण कापीन' म्हणणं मला क्रूर वाटतं.

आता शाळेचं. ध्यानासोबत मंत्र किंवा पूजा असेल, तर राज्यघटनेचं कलम 28 आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अशा गोष्टीत भाग घ्यायची सक्ती पालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. नुसता श्वास पाहायचा असेल तर कायदा काढू नका, उगाच भांडण वाढेल. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असणारच. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. त्यांच्यातल्या दोघी-तिघींना आधी गाठा. बोलताना 'ध्यान बंद करा' म्हणू नका. 'बसवा, पण गुण आणि सही काढा' एवढंच मागा. खोडा घालते म्हणायला मग कुणाला जागा राहणार नाही.

आणि या रविवारी लेकाला वहीत खरं ते लिहू दे. 'सोमवार: विसरलो. मंगळवार: बसलो, झोप लागली. बुधवार: क्रिकेट.' त्याखाली तुमची सही करा, नेहमीसारखी, पूर्ण नावाने.